कणगीची भिंत आणि उसाचे चिपाड

इनामगाव पुणे जिल्ह्यात, पण घोड नदी ओलांडली की नगर जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका लागतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत चुन्याने लिंपलेली पेवे मिळाली आणि मातीचे गोल ओटेही. ओट्यांवर धान्याच्या कणग्या ठेवत, असे पुरातत्त्वज्ञांनी ओळखले. या वस्तीच्या संस्कृतीला नाव मिळाले ते संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे.

त्यानंतर कित्येक शतके नगर जिल्ह्यातली ज्वारी-बाजरी कणगीतच राहिली. तुराट्या, निरगुडीचे फोक किंवा बांबूच्या कामट्या विणायच्या आणि आतून-बाहेरून शेणमातीने लिंपायच्या. धान्य उन्हात खडखडीत वाळवायचे, भरताना थराथरांत सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालायचा आणि वरचे तोंडही लिंपून टाकायचे. कडुलिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे मंदावते, वाढ खुंटते. निरगुडीच्या पाल्याचा उग्र वासही किडीला नकोसा. हे रसायनशास्त्र पुढे प्रयोगशाळेत उलगडले. घरातल्या बायकांच्या हाताला ते पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. त्यांच्या या ज्ञानाची नोंद इतिहासात फारच थोडी झाली आहे.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पाटाखाली ऊस पसरला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झाले. या बदलांबरोबर धान्यासाठी घरात पोती आली, पत्र्याच्या कोठ्या आल्या, पाल्याऐवजी विषारी गोळ्या आल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी मात्र देशी वाणांचे बियाणे मातीच्या मडक्यांत जपले. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

इकडे साखर कारखान्यांत उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळत राहिले. त्या चिपाडात साधारण चाळीस टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. ते सुटे करून, दळून-फाडून त्याचे शंभर नॅनोमीटरपेक्षा बारीक तंतू काढता येतात. माणसाचा केस त्याच्या शेकडो पट जाड. मुंबईतल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा तंतूंचा, म्हणजे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्पच सुरू केला, तोही कापसासारख्या शेतमालापासून. अशा तंतूंच्या पापुद्र्यात लवंगेचे, ओव्याचे किंवा कडुलिंबाचे तेल मुरवले, तर ते हळूहळू बाहेर पडते आणि पापुद्र्यात गुंडाळलेल्या पदार्थावर बुरशी व जिवाणू वाढू देत नाही. कणगीत पाला वेगळा आणि भिंत वेगळी होती. इथे औषध भिंतीतच मुरलेले.

अडचण आहे ती ओलाव्याची. सेल्युलोज पाणी ओढते, पापुद्रा फुगतो, तेल वेळेआधीच निसटते. म्हणून संशोधक त्यावर मेणाचा किंवा दुसऱ्या जैव पदार्थाचा थर चढवून पाहतात. शेणमातीचा लेपही दमट हवेत सैल पडे, म्हणून नवे धान्य भरण्याआधी कणगी पुन्हा लिंपून, कडक उन्हात वाळवून घेत.