पहिली शपथ : कागद काय सांगतात

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा शपथविधी 30 एप्रिल 1789 रोजी न्यूयॉर्कमध्ये फेडरल हॉलच्या सज्जात झाला. त्या दिवसाची चित्रे पुढे पुष्कळ निघाली. त्यांत दिसतो तो धीरगंभीर, निश्चल सेनापती. समकालीन कागदांतला माणूस मात्र वेगळा आहे.

मार्च 1789 मध्ये त्यांनी अलेक्झांड्रियाच्या रिचर्ड कॉनवे यांना कर्ज मागणारे पत्र लिहिले. जमीनजुमला भरपूर असला तरी हातात रोकड नव्हती. 1 एप्रिलला जुने सहकारी हेन्री नॉक्स यांना ते लिहितात, की सत्तेच्या आसनाकडे जाताना आपली अवस्था वधस्थानी निघालेल्या अपराध्यासारखी आहे. निवडणुकीत एकूण एक, म्हणजे 69 निर्वाचकांनी त्यांना मत दिले होते, तरीही!

शपथेनंतर सिनेटच्या दालनात भाषण झाले. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी आपल्या खासगी रोजनिशीत नोंदवले, की रोखलेल्या तोफांपुढे झाले नसतील इतके ते अस्वस्थ होते, थरथरत होते आणि काही वेळा त्यांना कागद वाचणेही जड गेले. मॅसेच्युसेट्सचे प्रतिनिधी फिशर एम्स यांचे 3 मेचे पत्रही कापरा आणि कान देऊन ऐकावा लागेल इतका खालचा आवाज नोंदवते. दोन स्वतंत्र साक्षी जुळतात. म्हणून हा कंप निःशंकपणे स्वीकारता येतो.

आता सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. शपथेच्या शेवटी वॉशिंग्टन यांनी ‘देव मला साहाय्य करो’ असे शब्द जोडले, असे शाळेपासून सांगितले जाते. राज्यघटनेतल्या शपथेत ते नाहीत. फ्रेंच राजदूत मूस्तिए यांनी आपल्या सरकारला शपथेचे शब्द कळवले, त्यातही ते नाहीत. ते प्रथम छापून आले ते 1850च्या दशकात, रुफस ग्रिसवोल्ड यांच्या पुस्तकात, घटनेनंतर साठ-पासष्ट वर्षांनी. वॉशिंग्टन श्रद्धाळू होते, त्यांनी बायबलवर हात ठेवला होता, भाषणातही परमेश्वरी कृपेचा उल्लेख केला होता. पण त्यावरून त्यांच्या तोंडी एक वाक्य घालता येत नाही.

कंपाला त्याच आठवड्यातला लेखी पुरावा आहे, त्या शब्दांना नाही. इतिहासात पहिल्या गोष्टीला जागा आहे. दुसरी, नवा समकालीन कागद हाती येईपर्यंत, आख्यायिकाच मानली पाहिजे.