जुना सीडी प्लेअर: घरच्या घरी दुरुस्ती आणि जुळणी

सोनी कंपनीचा ‘सीडीपी-१०१’ हा सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या बाजारात विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत १ लाख ६८ हजार येन होती. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरविलेल्या मानकावर हे यंत्र आधारलेले होते. त्यानंतरच्या दीड दशकात बनलेले असंख्य प्लेअर आजही घरोघरी माळ्यावर किंवा कपाटात पडून आहेत. संगीत मोबाईलमध्ये आले, पण जपून ठेवलेल्या सीडींचा संग्रह आणि त्या काळातील भक्कम बांधणीची यंत्रे यांचे आकर्षण कमी झालेले नाही. प्लेअर बाहेर काढावा, सीडी घालावी आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटावीत, हा अनुभव मात्र अनेकांना येतो.

अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जुना प्लेअर पुष्कळदा बंद पडतो तो धूळ, सुकलेले वंगण आणि सैल झालेला रबरी पट्टा यांमुळे. कायमचा निकामी होतो तो मात्र उत्साहाच्या भरात फिरविलेल्या जुळणीच्या स्क्रूमुळे. म्हणून घरगुती दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. आधी सफाई, नंतर मोजणी आणि अगदी शेवटी, गरज असेल तरच, जुळणी म्हणजे कॅलिब्रेशन.

यंत्र सीडी कशी वाचते?

सीडीवरील माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका सर्पिलाकार मार्गावर नोंदलेली असते. हा मार्ग आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर जातो आणि त्याच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर असते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण भिंगातून या मार्गावर एकवटतो आणि परावर्तित प्रकाशावरून खळगे ओळखले जातात. आतल्या कडेला सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते. बाहेरच्या कडेला हा वेग २०० पर्यंत उतरतो.

फिरताना सीडी सुमारे अर्धा मिलिमीटर वर-खाली होऊ शकते, तर किरणाचा केंद्रबिंदू मायक्रोमीटरच्या हिशेबात अचूक राहावा लागतो. हे साधण्यासाठी चार नियंत्रणे अखंड काम करीत असतात. पहिले भिंगाला वर-खाली हलवून किरण एकवटते, दुसरे त्याला मार्गावर धरून ठेवते, तिसरे पिकअपची संपूर्ण बैठक बाहेरच्या दिशेने सरकवते आणि चौथे सीडीचा वेग सांभाळते. दुरुस्ती करणाऱ्याने या चारपैकी कोणते नियंत्रण अडखळते आहे, हे प्रथम शोधायचे असते.

सीडीच्या रचनेत त्रुटीदुरुस्तीची व्यवस्थाही अंतर्भूत आहे. मार्गावरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची खंडित माहिती ती पूर्णपणे भरून काढते. त्यामुळे कॅसेटप्रमाणे सीडीचा आवाज हळूहळू खराब होत नाही. यंत्र अखेरच्या घटका मोजत असले, तरी आवाज स्वच्छच येतो आणि एक दिवस ते एकाएकी थांबते. म्हणूनच यंत्राची प्रकृती केवळ कानाने जोखता येत नाही.

झाकण उघडण्यापूर्वी

यंत्राच्या मागील पट्टीवर लिहिलेला विद्युतदाब वाचावा. जपानमधून आणलेला प्लेअर १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडील २३० व्होल्टला तो थेट जोडल्यास ट्रान्सफॉर्मर जळतो. अशा यंत्रास योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

अनेक प्लेअरच्या तळाशी वाहतुकीसाठी पिकअप घट्ट बांधून ठेवणारा स्क्रू असतो. जुन्या बाजारातून आणलेले यंत्र मुळीच हालचाल करीत नसेल, तर तो आवळलेला नाही ना, हे आधी पाहावे.

त्यानंतर प्लग काढून काही मिनिटे थांबावे आणि मगच झाकण उघडावे. लेसर अवरक्त असल्याने डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच त्याची भीती बाळगावी. यंत्र चालू असताना भिंगात सरळ डोकावू नये. डोळे किमान ३० सेंटिमीटर दूर आणि तिरके ठेवावेत. शरीरावरील स्थितिज विद्युतही लेसरला मारक ठरते, म्हणून पिकअपला हात लावण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा.

लक्षणांवरून निदान

ट्रे बाहेर येत नसेल किंवा अर्धवट येऊन थांबत असेल, तर बहुधा पट्टा सैल झालेला असतो. तो बदलणे सर्वांत सोपे. जुन्या पट्ट्याला रसायने चोळून जीवदान देण्याचा प्रयत्न करू नये. पट्टा ताणलेला असल्याने त्याचीच लांबी नव्यासाठी प्रमाण मानू नये. दोन्ही चाकांभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याहून किंचित लहान पट्टा घ्यावा. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथील दुकानांत अशा मापांची चौकशी करता येते.

ट्रे बंद होताच भिंगाने दोन-तीन वेळा वर-खाली व्हायला हवे. ही हालचाल होऊनही सीडी फिरत नसेल, तर भिंग मळलेले असण्याची किंवा लेसर क्षीण झाल्याची शक्यता असते. सीडी फिरते, पण अनुक्रमणिका वाचली जात नाही, अशा वेळी भिंगाबरोबरच सीडी फिरविणाऱ्या मोटरवरही संशय घ्यावा. अनुक्रमणिका आतल्या कडेला, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या जागी असते आणि झिजलेली मोटर नेमकी तेथेच कमी पडते.

पहिली गाणी नीट वाजतात आणि पुढची अडखळतात, असे असेल तर बैठक ज्या सळईवर सरकते, तिच्यावरील वंगण सुकलेले असण्याचा संभव अधिक. फिलिप्सच्या ‘सीडीएम’ मालिकेतील सुरुवातीच्या यंत्रणांत मात्र सळई नसते. तेथे पिकअप झुलत्या भुजेवर बसविलेला असतो. अशा यंत्रांत सुटलेले सोल्डरचे सांधे आणि कोरडे पडलेले कपॅसिटर आधी तपासावेत.

सफाई आणि वंगण

प्रथम हाताच्या फुंकणीने धूळ उडवावी. मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने भिंग अलगद टिपावे. काडीतून थेंब गळता कामा नये. भिंग अतिशय नाजूक आधारांवर तरंगत असते, त्यामुळे दाब देऊ नये. बहुतांश भिंगे प्लास्टिकची असल्याने थिनर किंवा ॲसिटोन वर्ज्य समजावे. आपल्याकडील पावसाळ्यात बंद पडलेल्या यंत्राच्या भिंगावर दमट हवेचा पापुद्रा सहज धरतो. एवढ्या एका सफाईनेही बोलू लागलेली यंत्रे थोडी नाहीत.

सळईवरील जुने, पिवळट वंगण अल्कोहोलने पूर्ण पुसून काढावे. प्लास्टिकला अपाय न करणाऱ्या ग्रीजचा अगदी पातळ थर दातेरी चाकांवर द्यावा आणि सळईवर हलक्या तेलाचा पुसट हात फिरवावा. वंगण जास्त झाले की ते धूळ ओढून घेते.

लेसर थकला आहे का?

लेसर डायोड जुना होऊ लागला, की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला अधिक विद्युतप्रवाह लागतो. यंत्रातील स्वयंचलित नियंत्रण हा प्रवाह आपोआप वाढवीत राहते. म्हणून प्रवाहाचा आकडा हेच लेसरच्या वयाचे माप होय.

सोनीच्या ‘केएसएस’ मालिकेतील अनेक पिकअपवर लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावरील शेवटचे तीन अंक कारखान्यात मोजलेला प्रवाह सांगतात. उदाहरणार्थ, ४९७ म्हणजे ४९.७ मिलिॲम्पिअर. लेसरच्या मार्गातील रोधाच्या दोन टोकांमधील विद्युतदाब मल्टिमीटरने मोजून त्याला रोधाने भागले, की आजचा प्रवाह मिळतो. रोध २२ ओहमचा आणि दाब १.१ व्होल्ट असेल, तर प्रवाह ५० मिलिॲम्पिअर. हा लेसर अद्याप ठणठणीत आहे. हाच आकडा चिठ्ठीपेक्षा बराच पुढे गेला असेल, तर डायोड थकला आहे असे समजावे. प्रवाह चिठ्ठीच्या जवळ असूनही वाचन क्षीण असेल, तर दोष भिंगावरील किंवा आतील प्रिझमवरील धुळीचा असू शकतो.

पिकअपवरील चिमुकला स्क्रू फिरवून लेसरची शक्ती वाढविण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो कटाक्षाने टाळावा. त्याने प्लेअर काही दिवस वाजतोही, परंतु वाढीव प्रवाहाने डायोडचे उरलेले आयुष्य झपाट्याने संपते. सर्वच पिकअप आता बनत नाहीत आणि बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या पिकअपपैकी सर्व मूळ दर्जाच्या नसतात. त्यामुळे हातातील अस्सल पिकअप जळणे, हे अनेकदा यंत्रच गमावण्यासारखे असते.

जुळणी: शेवटची पायरी

सफाईनंतर यंत्र विनातक्रार वाजत असेल, तर जुळणीला हात लावू नये. पिकअप बदलली असेल किंवा आधी कोणी स्क्रू फिरविलेले असतील, तरच ती करावी. त्यासाठी त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका आणि ऑसिलोस्कोप आवश्यक आहेत. सिग्नलमधील सर्वांत जलद कंपने सुमारे ७२० किलोहर्ट्झची असल्याने २० मेगाहर्ट्झचा साधा, जुना ऑसिलोस्कोपही पुरतो. फिरविण्यापूर्वी प्रत्येक स्क्रूची मूळ स्थिती बारीक पेनाने खुणेने नोंदवावी आणि छायाचित्र काढून ठेवावे.

सोनीची ‘वायईडीएस-१८’ किंवा फिलिप्सची ‘५’ आणि ‘५ए’ या खास चाचणी सीडी दुर्मीळ आहेत. त्या नसल्यास कारखान्यात छापलेली, ओरखडे नसलेली सीडी वापरावी. घरी लिहिलेल्या सीडीचे परावर्तन वेगळे असल्याने तिच्यावर जुळणी करू नये.

आरएफ या चाचणी-बिंदूवर ऑसिलोस्कोप लावला, की एकावर एक पडलेल्या लाटांचे जाळे दिसते. त्याला ‘आय पॅटर्न’ म्हणतात. अनेक यंत्रांत त्याची उंची १ ते दीड व्होल्टच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. मध्यभागी शंकरपाळ्यासारखे चौकोन स्वच्छ, मोकळे दिसले पाहिजेत. फोकसचा स्क्रू अगदी थोडा फिरवून हे चौकोन अधिकाधिक रेखीव करावेत. पुढे ट्रॅकिंगचा समतोल साधावा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ट्रॅकिंगचे नियंत्रण तात्पुरते सोडवले, की त्रुटी-सिग्नल आधाररेषेच्या वर आणि खाली सारखाच दिसायला हवा. शेवटी फोकस व ट्रॅकिंगची तीव्रता पाहावी. ती फार वाढली, तर यंत्रणेतून फुसफुस ऐकू येते. फार कमी झाली, तर टेबलाला लागलेल्या हलक्या धक्क्यानेही गाणे उडी मारते.

एका वेळी एकच स्क्रू फिरवावा. सुधारणा न दिसल्यास तो खुणेवर परत आणावा आणि मगच दुसऱ्याकडे वळावे.

केव्हा थांबावे?

सफाई, पट्टा आणि वंगण ही कामे कोणाही काळजीवाहू गृहस्थास जमण्यासारखी आहेत. मोजणीसाठी मल्टिमीटरची सवय हवी. जुळणीसाठी मात्र पुस्तिका, उपकरण आणि संयम या तिन्ही गोष्टी हव्यात; यांपैकी एक जरी नसेल, तर झाकण पुन्हा लावून जाणकार कारागिराकडे जावे. त्याच्याकडे नेतानाही आपण काय केले आणि कोणत्या स्क्रूला हात लावला नाही, हे कागदावर लिहून द्यावे. न छेडलेले यंत्र दुरुस्त करणे त्याला सोपे जाते.