जुन्या डिझेल पिकअपचा फ्युएल पाईप: डिझेल गळत नाही, तरी लिकेज कसं?

सकाळी आठ-दहा सेल्फ मारले की गाडी चालू होते, मिनिटभर घरघरते आणि बंद पडते. पुन्हा सेल्फ. एकदा नीट सुरू झाली की मात्र संध्याकाळपर्यंत तक्रार नाही. खाली बघावं तर डिझेलचा एक थेंबही नाही. गेल्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या घरच्या जुन्या पिकअपनं हेच सुरू केलं, तेव्हा पहिला सल्ला मिळाला, "पंप गेला भौ, खोला लागते." पंप खोलायचा म्हणजे रिसोडहून तो वाशिम नाहीतर अकोल्याला न्यायचा, आणि ऐन हंगामात गाडी दारात उभी. शेवटी निघालं काय? टाकीकडून येणारा रबरी पाईप क्लिपच्या खाली चिरला होता.

आधी रचना समजून घ्या. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत इंजिनावरचा छोटा फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. ते फिल्टरमधून मुख्य पंपाकडे आणि तिथून नोझलला जातं. उरलेलं डिझेल रिटर्न पाईपनं परत टाकीत येतं. खरी गोम त्या 'ओढतो' शब्दात आहे. टाकी ते फीड पंप या भागात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा घुसते आणि पाईपमधलं डिझेल खाली टाकीत उतरतं. सकाळी पंपाला मिळते नुसती हवा. याउलट पंपाच्या पुढचा पाईप फुटला तर गळती लगेच डोळ्यांना दिसते.

हे तपासायला तुमचा मोबाईल कामाला येतो. फिल्टरकडे येणाऱ्या लाईनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडा, इंजिन चालू करा आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली तर हवा नक्की शिरतेय. पण तपासणी झाली की ती नळी काढायचीच. पाणी-लेव्हलचा पारदर्शक पाईप कायमचा बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. डिझेलमुळे तो प्लास्टिकचा पाईप काही दिवसांत कडक होतो आणि तडकतो.

आता बदलण्याचं काम. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, चाकांना दगड लावा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. जुना पाईप काढण्याआधी तो कुठून कसा गेलाय याचे चार-पाच फोटो घ्या. सप्लाय आणि रिटर्नची अदलाबदल ही इथली नेहमीची गडबड, ती फोटोंमुळे टळते. काढलेला तुकडा घेऊनच स्पेअर पार्टच्या दुकानात जा, कारण आतला व्यास एखाद-दोन मिलिमीटरनं चुकला तरी पुन्हा हवा धरते. पाण्याचा किंवा हवेचा पाईप चालत नाही. डिझेलसाठीचाच घ्या. चांगल्या पाईपवर 'एसएई जे३० आर७' किंवा 'आर९' असं छापलेलं असतं.

नवा पाईप लोखंडी नळीवर इंचभर तरी चढला पाहिजे. नळीच्या टोकावरचा गंज आधी घासून काढा, नाहीतर नव्या पाईपलाही तिथूनच हवा लागेल. क्लिप आवळताना जोर दाखवू नका. जास्त आवळली की तिची कड रबर कापते, आमचा पाईप तसाच गेला होता. सायलेन्सरपासून पाईप लांब ठेवा आणि मध्ये-मध्ये बांधा. उंदरांचा त्रास असेल तर त्या भागावर जाळीचं कव्हर चढवा.

मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा, हँड प्रायमर दाबत राहा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल. सलग धार आली की स्क्रू आवळा.

आता एक इशारा. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपांना हात लावू नका, तिथं रबर तर कधीच नको. कॉमन रेल इंजिनात तो दाब हजार बारच्या वर जातो. तिथली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

"डिझेल काही पेट्रोलसारखं पेटत नाही" हे आपल्याकडे सगळे म्हणतात. पेट्रोलची वाफ शून्याखालीसुद्धा पेट घेऊ शकते, त्या तुलनेत ते खरंही आहे. पण भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉईंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे काही डिझेलची वाफ त्या तापमानाला ठिणगीनं पेटू शकते. मे महिन्यात रिसोडला सावलीतच पारा ४० च्या वर असतो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. त्यामुळे हे काम सकाळी, मोकळ्या जागेत करा. विडी-सिगारेट लांब ठेवा आणि बाजूला मातीची बादली भरून ठेवा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर क्लिपा पुन्हा तपासा. नवं रबर थोडं बसतं आणि क्लिप सैल पडते. आणि डिझेलनं भिजलेल्या चिंध्या कुटाराच्या ढिगाजवळ टाकू नका.