साग लावला, माणूस वगळला

१९२७ हे साल आम्ही चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी इंग्रजांनी भारतीय वन कायदा केला. पाणी गावाने अडवले, जंगल सरकारने. १९७४ मध्ये राज्याचे वनविकास महामंडळ आले आणि चंद्रपूर-गडचिरोलीत मिश्र जंगलाचे कूप सरसकट तोडून साग लागू लागला. साग लाकूड देतो. मोहफूल, चारोळी, हिरडा देत नाही. उन्हाळ्यात चूल कशावर पेटते, हे कूप आखणाऱ्याला कोण सांगणार? १९८८ च्या दुरुस्तीने नैसर्गिक झाडे तोडून नवी लागवड करायला केंद्राची पूर्वमंजुरी सक्तीची केली. म्हणजे विचारायचे दिल्लीला, गावाला नाही! ग्रामसभेला अधिकार मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून दाखवला.

पण वैयक्तिक दाव्यात आदिवासी नसलेल्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. १३ डिसेंबर २००५ पासून मागे मोजा, १९३० येते. तेव्हा आपली माणसे काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे उभी होती. ज्यांना गावात सातबारा नव्हता, त्यांच्याकडे जंगलाचा कागद कुठून येणार? वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमाने पुरावा धरला जातो. तो जोडा, आणि दावा फेटाळला तर कारण लेखी मागा.