पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ

हिवाळ्यात लोणारच्या सरोवरावर पाहुणे पक्षी उतरतात. शाळेच्या सहलीत आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे पक्षी बाहेरून रोग आणतात ना?" मी तिला डॉ. सलीम अलींची हकिकत सांगितली.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला. विषाणू नवा होता आणि गोचिडीमार्फत पसरत होता. त्याचे नाते रशियातल्या गोचिडजन्य मेंदूज्वराशी निघाले, तसा संशय सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला.

सलीम अलींना पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचाच होता, पण पैसा नव्हता. आता जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी जाळी लावून हजारो पक्षी पकडले, अंगावरच्या गोचिडी वेचल्या, कडी घालून त्यांना सोडून दिले. पक्ष्यांनी हा रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही.

मूळ इथेच होते. हा विषाणू जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. माणसाने जंगल तोडून शेती केली, त्याच्या कडेला गुरे चरायला सोडली. गुरांना हा आजार होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसतात आणि वाढतात. मग सरपणाला गेलेल्या माणसाला त्या चावतात. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हाच 'माकडताप' आला.

पक्षी कधीच रोग नेत नाहीत, असे मी म्हणत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू पाणपक्ष्यांमधून फिरतो. पण सलीम अलींनी आधी तपासले, मग सांगितले. साथ आली की बोट प्रथम बाहेरच्याकडे जाते. २०२० मध्ये हे आपण सोसले आहे. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने त्याच ऑगस्टमध्ये रद्द केले, तोवर गावोगावी व्हायचे ते बोलून झाले होते.

बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती पाळायला आपणही अनेकदा विसरतो. ज्ञानगंगेच्या जंगलाकडे पाहताना मला म्हणूनच वाटते, आपल्या मुलांपैकी कुणीतरी हातात वही घेऊन तिथे जावे, मोजावे, मगच बोलावे.