कोटबंद देवालये : औंढा नागनाथ
उंच तटभिंतीने चारही बाजूंनी वेढलेले, दरवाजातून नियंत्रित प्रवेश असलेले देवालय म्हणजे कोटबंद देवालय. महाराष्ट्रात जेजुरीचा खंडोबाचा गडकोट व तुळजापूरचे भवानी मंदिर ही याची परिचित उदाहरणे होत. मराठवाड्यातील उल्लेखनीय उदाहरण म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील नागनाथाचे देवालय. हे गाव हिंगोलीच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किमी. अंतरावर आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या वर्णनांत औंढ्याचा समावेश परभणीत आढळतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी दारुकावनातील नागेश तो हाच, अशी महाराष्ट्रातील श्रद्धा आहे. गुजरातेत द्वारकेजवळील व उत्तराखंडात जागेश्वर येथील स्थानांसंबंधीही तसेच मानले जाते.

वास्तू : देवालयाचा मूळ भाग यादवकालीन असून हेमाडपंती शैलीत बांधलेला आहे. या शैलीत घडीव दगड खाचा व कुसवांनी एकमेकांत बसवीत आणि भार तोलून धरीत. चुन्याची गरज पडत नसे. अधिष्ठान व बाह्य भिंती काळ्या पाषाणाच्या असून त्यांवर हत्तींचे व मानवाकृतींचे थर तसेच देवदेवतांच्या मूर्ती कोरल्या आहेत. गाभारा जमिनीखाली असून अरुंद वाटेने पायऱ्या उतरून लिंगाजवळ जावे लागते. शिखराचा भाग मात्र विटा व चुना यांचा, पांढरा आणि उत्तरकालीन आहे. दोन काळांतील या बांधकामांची सीमारेषा पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते.

इतिहास : यादवांचे राज्य १३१८ च्या सुमारास संपुष्टात आले आणि देवालयाचा राजाश्रय तुटला. पुढे वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला, अशी परंपरा आहे. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांना दिले जाते. वारकरी संप्रदायात या स्थानाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. विसोबा खेचर यांनी नामदेवांना येथे उपदेश केला, असे मानतात. नामदेवांना कीर्तनासाठी देवालयामागे जावे लागले, तेव्हा देवालयच फिरले आणि ते पश्चिमाभिमुख झाले, अशी आख्यायिका आहे. तटाच्या आत कोणास प्रवेश मिळावा, हा प्रश्न या आख्यायिकेच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर तिने भक्ताच्या बाजूने दिले आहे.

भूतानमधील जोंगशी तुलना : कोट आणि धर्मस्थान यांचा पूर्ण संयोग भूतानमधील ‘जोंग’ या वास्तुप्रकारात झाला. तिबेटमधून १६१६ मध्ये आलेल्या नवांग नामग्याल यांनी १६२९ मध्ये सिमतोखा येथे आणि १६३७–३८ मध्ये पुनाखा येथे जोंग उभारले. आत कललेल्या जाड पांढऱ्या भिंती, मधोमध ‘उत्से’ नावाचा उंच मनोरा आणि सभोवती चौक, अशी त्यांची रचना असते. लाकूडकाम परंपरेने खिळ्यांवाचून, सांध्यांनी जोडले जाते. हेमाडपंती दगडकामातील युक्तीशी याचे साम्य आहे. जोंगच्या एका भागात भिक्षुसंघ व दुसऱ्यात शासन नांदते. भूतानमधील अनेक जिल्ह्यांची कार्यालये आजही जोंगमध्ये आहेत.

औंढ्याच्या तटाचे स्वरूप याहून भिन्न आहे. तेथे भिंतीआड सत्ता राहत नव्हती; तट देवाची सीमा दाखवी, यात्रेकरूंची गर्दी आवरी व चोरांपासून संरक्षण देई. सैन्य, धान्यसाठा व राज्यकारभार आत असल्याखेरीज केवळ भिंत मोठ्या आक्रमणास पुरी पडत नाही. तथापि जोंगही निर्धोक नव्हते : पुनाख्याला १९९४ मध्ये पुराचा तडाखा बसला व वांगदूचा जोंग २०१२ मध्ये आगीत भस्मसात झाला. तो पुढे पुन्हा बांधण्यात आला, कारण त्याचा उपयोग करणारा समाज टिकून होता. औंढ्याचे शिखरही त्याच बळावर पुन्हा उभे राहिले. म्हणून अशा देवालयांचे जतन करताना शिल्पांइतकेच तट, दरवाजे आणि आवार यांनाही मूळ रचनेचे अंग मानणे आवश्यक ठरते.