मुक्कामाला आलेले प्राध्यापक

अतिथी या शब्दाची परंपरेने सांगितलेली फोड अशी की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. आपल्या विद्यापीठांत ‘अतिथी व्याख्याता’ म्हणून जो येतो, त्याची तिथीच काय, परतीची गाडीही ठरलेली असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, पन्नास मिनिटांचे व्याख्यान, वेळेअभावी आटोपती घेतलेली प्रश्नोत्तरे, आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार असा हा क्रम आहे. विभाग आंतरराष्ट्रीय अध्ययनाचा असेल आणि पाहुणे परदेशी असतील, तर त्यात सामंजस्य करारावरच्या सह्यांची आणि एखाद्या सांस्कृतिक कार्यक्रमाची भर पडते. छायाचित्रे वार्षिक अहवालात जातात. या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालीही आहे. अधिक उपयोगाचा प्रश्न वेगळाच आहे. विद्यापीठांमधील देवाणघेवाणीतून जेव्हा खरोखर काही निपजले, तेव्हा ते कशामुळे निपजले? विसाव्या शतकात भारत आणि चीन यांच्यामध्ये असा एक प्रयत्न झाला. त्याची सुरुवात शांतिनिकेतनात झाली असली, तरी त्याचे बरेच धागे पुण्यातून गेलेले आहेत. तो इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहण्याजोगा आहे.

२३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली. ‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’ हे ब्रीद स्वीकारलेल्या या संस्थेला पहिले अभ्यागत प्राध्यापक मिळाले ते सिल्व्हाँ लेव्ही. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये १८९४ पासून संस्कृतचे अध्यासन सांभाळणारे हे पंडित. त्यांना बोलावण्यामागे रवींद्रनाथांचा विचार स्पष्ट होता. बौद्ध संस्कृत वाङ्मयाचा मोठा भाग भारतातून नाहीसा झाला आणि चिनी व तिबेटी भाषांतरांत शिल्लक राहिला. आपलीच हरवलेली पुस्तके वाचायची तर परक्या भाषा शिकणे भाग होते, आणि त्या शिकवू शकेल असा माणूस त्या वेळी आपल्याकडे मिळणे अवघड होते. लेव्ही आले ते भाषणांचा दौरा करण्यासाठी नव्हे. त्यांनी शांतिनिकेतनात मुक्काम केला आणि चिनी व तिबेटीचे वर्ग घेतले. विधुशेखर शास्त्रींसारखे जुन्या परंपरेतले पंडित त्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले. ज्याची स्वतःची विद्वत्ता मान्य झालेली आहे, अशा माणसाने पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी, हे दृश्य आजच्या आपल्या विभागांतून दुर्मीळ झाले आहे.

त्याच वर्गात कलकत्ता विद्यापीठाने पाठवलेले प्रबोधचंद्र बागची हे तरुण अध्यापक होते. लेव्ही परत निघाले तेव्हा बागची त्यांच्याबरोबर नेपाळला गेले, पुढे इंडोचायना आणि जपानला गेले, आणि त्यानंतर पॅरिसला जाऊन चीनमधील बौद्ध ग्रंथपरंपरेवर त्यांनी आपले संशोधन पूर्ण केले. भारत-चीन संबंधांच्या भारतातील आधुनिक अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत बागचींचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लेव्हींच्या भेटीचे फलित मोजायचे झाले, तर ते त्यांनी दिलेल्या व्याख्यानांच्या संख्येत नव्हे, या एका विद्यार्थ्यात मोजावे लागेल.

मात्र प्रत्येक पाहुणा आपल्या ज्ञानाच्या बळावरच येतो असे नाही. नोव्हेंबर १९२५ मध्ये रोमचे संस्कृतज्ञ कार्लो फॉर्मिकी शांतिनिकेतनात आले. त्यांच्यासमवेत जुसेप्पे तुच्ची हे तरुण अभ्यासक होते. मुसोलिनीच्या सरकारने त्यांच्याबरोबर इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह भेट म्हणून पाठवला होता. निधीची कायमची चणचण असलेल्या विश्वभारतीला ही भेट नाकारणे अवघड होते, आणि रवींद्रनाथांनी ती कृतज्ञतेने स्वीकारली. पुढच्याच वर्षी ते इटलीच्या निमंत्रणावरून तेथे गेले. ३१ मे १९२६ रोजी त्यांची मुसोलिनीशी भेट झाली आणि दुभाष्याचे काम फॉर्मिकींनी केले. इटलीतील वृत्तपत्रांनी कवीच्या सौजन्याच्या शब्दांचा फॅसिस्ट राजवटीच्या प्रशस्तीसाठी मुबलक वापर केला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याशी आणि इटलीतून परागंदा झालेल्यांशी बोलणे झाल्यावर खरी परिस्थिती रवींद्रनाथांच्या ध्यानात आली. सी. एफ. अँड्र्यूज यांना लिहिलेल्या पत्रातून त्यांनी फॅसिझमचा स्पष्ट निषेध केला. ते पत्र ऑगस्ट १९२६ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’ने छापले आणि इटलीशी जडलेला हा संबंध संपुष्टात आला.

या प्रकरणातून सोपा बोध काढण्याचा मोह होतो की, राज्यकर्त्यांच्या पैशाने आलेला पाहुणा नको. इतिहास इतका सरळ नाही. ज्याला एका हुकूमशहाच्या सरकारने पाठवले, तो तुच्ची पुढे विसाव्या शतकातील तिबेटविद्येचा एक मोठा अधिकारी पुरुष ठरला. त्याची विद्या खरी होती आणि त्याचे आपल्या देशातील सत्तेशी असलेले सख्यही खरे होते. विद्यापीठाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहता आल्या पाहिजेत. पैसा कोणाचा हा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, तो पैसा थांबल्यावर काय होते? इटालियन संबंध सरकारच्या मर्जीवर उभा होता, म्हणून तो वर्षभरात कोसळला.

याच्याशी तुलना करावी अशी दुसरी कहाणी तान युन-शान यांची आहे. १९२४ मध्ये रवींद्रनाथ चीनमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या भाषणांना गर्दी झाली हे खरे, पण पेकिंगमधील तरुणांच्या एका गटाने त्यांच्याविरुद्ध पत्रके वाटली आणि काही नियोजित व्याख्याने त्यांना सोडून द्यावी लागली. जुन्या संस्कृतीच्या ओझ्याने आपला देश दुबळा झाला असे ज्या पिढीला वाटत होते, तिला पूर्वेच्या अध्यात्माचे गुणगान ऐकवणारा कवी परका वाटला. जगप्रसिद्ध वक्ता आणि भरलेले सभागृह असूनही संवाद होईलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, मलायात रवींद्रनाथांची गाठ तान या तरुण चिनी शिक्षकाशी पडली. १९२८ मध्ये तान शांतिनिकेतनात आले आणि मोजक्या विद्यार्थ्यांना चिनी शिकवू लागले. पुढे त्यांनी चीनमध्ये हिंडून पैसा आणि ग्रंथ जमवले. १४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, ‘चीना भवना’चे उद्घाटन झाले.

चीना भवनालाही चीनमधील तत्कालीन राजवटीचा आधार होता. १९४२ मध्ये चिआंग काई-शेक स्वतः शांतिनिकेतनला येऊन गेले. परंतु १९४९ मध्ये ती राजवट चीनच्या मुख्य भूमीवरून गेली, १९६२ मध्ये दोन देशांत युद्ध झाले, भारतातील अनेक चिनी वंशाच्या कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. तरीही चीना भवन बंद पडले नाही. कारण तान येथेच राहिले होते. १९८३ मध्ये बोधगयेला त्यांचे निधन झाले. पाहुणा म्हणून आलेला माणूस घरचा झाला, की सरकारे बदलली तरी संस्था तग धरू शकते.

या कथेतील महाराष्ट्राचा धागा एका वेगळ्या प्रकारच्या पाहुण्यापासून सुरू होतो. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडले आणि पालीचे पंडित होऊन परतले. १९१० मध्ये हार्वर्डचे जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने त्यांना अमेरिकेला बोलावण्यात आले. काम होते हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे. ज्याच्याजवळ आधुनिक विद्यापीठाची एकही पदवी नाही, असा हा मराठी माणूस जगातल्या एका अग्रगण्य विद्यापीठात तज्ज्ञ म्हणून बसला. पण ग्रंथावर त्याचे नाव कोणत्या नात्याने छापायचे, यावरून प्राध्यापक चार्ल्स लानमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये कोसंबी परतले. पुढेही ते हार्वर्डला वेळोवेळी गेले. ग्रंथ अखेर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. देवाणघेवाण हा शब्द समतेचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात कष्ट कोणाचे आणि नाव कोणाचे हा प्रश्न तेव्हाही होता, आणि परदेशी प्रकल्पांत काम करणाऱ्या आपल्या संशोधकांना आजही तो अपरिचित नाही.

अमेरिकेहून आल्यावर कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट हे पुढे हार्वर्डला गेले आणि त्यांनी ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास केला. ‘विमुत्तिमग्ग’ संपूर्ण स्वरूपात उपलब्ध होता तो चिनी भाषांतरात. म्हणजे गुरूने ज्या ग्रंथावर काम केले, त्याच ग्रंथाच्या अभ्यासासाठी शिष्य चिनी शिकला. बापटांचा हा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला, चीना भवनाचे उद्घाटन झाले त्याच वर्षी. पुढे जपानी विद्वान आकिरा हिराकावा यांच्यासह बापटांनी ‘समंतपासादिका’च्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रकाशित केले.

कोसंबींचा एक विद्यार्थी मात्र पुण्याचा नव्हता. जिन केमू हा चिनी तरुण १९४१ मध्ये भारतात आला. कलकत्त्याला एका चिनी वृत्तपत्रात काम करत तो हिंदी आणि संस्कृत शिकला आणि पुढे सारनाथला जाऊन वृद्ध कोसंबींपाशी त्याने संस्कृत व पालीचा अभ्यास केला. नंतर तो पुण्यात फर्ग्युसनच्या वा. वि. गोखले यांच्याबरोबर काम करू लागला. असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चय’ या ग्रंथाचे संस्कृत हस्तलिखित राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात सापडले होते, पण ते अपुरे होते. संस्कृत पाठ चिनी आणि तिबेटी भाषांतरांशी ताडून पाहिल्याशिवाय संपादन शक्य नव्हते. या कामात एका मराठी प्राध्यापकाला चिनी वाचणाऱ्याची गरज होती आणि एका चिनी तरुणाला संस्कृत शिकवणाऱ्याची. एकाच मेजावर एकच ओळ दोघे दोन भाषांत वाचत होते. सांस्कृतिक देवाणघेवाणीचे याहून नेमके चित्र मला तरी ठाऊक नाही. तिथे कोणीही कोणाचा सत्कार करीत नव्हते.

स्वातंत्र्याच्या सुमारास हे प्रयत्न सरकारी पातळीवर पोहोचले. १९४७ मध्ये बागची पेकिंग विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले. त्याच काळात भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर चीनमध्ये गेलेल्या विद्यार्थ्यांत वसंत परांजपे होते. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाष्याचे काम या परांजप्यांनी केले.

१९६२ नंतर चित्र पालटले. दिल्लीत आंतरराष्ट्रीय अध्ययनासाठी १९५५ मध्ये स्थापन झालेली संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली, दिल्ली विद्यापीठातही १९६४ मध्ये चिनी अध्ययनाची सोय झाली. शेजारी देश नीट समजून न घेतल्याची किंमत मोजल्यावर ही जाग येणे स्वाभाविकच होते. पण तिच्याबरोबर अभ्यासाचा रोखही बदलला. सूत्रग्रंथांची जागा सीमाप्रश्नाने घेतली. सीमेचा अभ्यास हवाच. मात्र जो देश केवळ धोका म्हणून अभ्यासला जातो, त्याची भाषा शिकण्याची ओढ फार थोड्यांना वाटते.

चीनमध्ये या काळात काय घडत होते? जिन केमू १९४६ मध्ये मायदेशी परतले आणि १९४८ पासून पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. तेथे पौर्वात्य भाषांचा विभाग जर्मनीत संस्कृत शिकून आलेल्या जी श्येनलिन यांनी उभा केला होता. १९६० मध्ये या दोघांनी संस्कृत आणि पालीचा वर्ग सुरू केला. दोन देशांतील संबंध झपाट्याने बिघडत होते आणि युद्ध दोन वर्षांवर आले होते, तेव्हा पेकिंगमध्ये काही मुले संस्कृतची रूपे घोकत होती. पुढे सांस्कृतिक क्रांतीत जी श्येनलिन यांची विटंबना झाली, त्यांना द्वारपालाचे काम देण्यात आले. त्या दिवसांत त्यांनी लपूनछपून वाल्मीकिरामायणाचे चिनी भाषांतर केले. १९६० च्या वर्गातील हुआंग बाओशेंग, झाओ ग्वोहुआ आदी विद्यार्थ्यांनी महाभारत हाती घेतले. आदिपर्वाचे पहिले काही अध्याय स्वतः जिन केमूंनी भाषांतरित केले होते. संपूर्ण महाभारताचे चिनी भाषांतर सहा खंडांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी आधारभूत मानलेली संहिता होती पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती.

सारनाथला एका वृद्ध मराठी पंडिताने एका चिनी तरुणाला दिलेले पाठ आणि हे भाषांतर यांत साठ वर्षांचे अंतर आहे. त्या पाठांचा अहवाल कोणत्याही विभागाने लिहिला नसेल. लिहिला असता, तर त्यात उपस्थिती ‘एक’ अशी नोंदवावी लागली असती, आणि आजच्या कोणत्याही मूल्यमापनात तो उपक्रम अयशस्वी ठरला असता.

म्हणून पाहुण्यांना बोलावू नये असे नव्हे. बोलावताना आपण विचारतो ते प्रश्न बदलावेत, एवढेच. पाहुणे किती प्रसिद्ध आहेत याऐवजी ते किती दिवस राहणार आहेत, हे विचारावे. किती श्रोते जमतील याऐवजी त्यांच्याकडून कोण काय शिकणार आहे, हे विचारावे. त्यांची भाषा आपल्या विभागात कोणाला येते, आणि येत नसेल तर ती शिकायला आपल्यापैकी कोण, विधुशेखर शास्त्रींप्रमाणे, पहिल्या बाकावर बसणार आहे? करारावर कुलगुरूंच्या सहीखाली आणखी एक ओळ असावी आणि तिथे अशा एका तरी विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले असावे. ते नाव लिहिता येत नसेल, तर शाल आणि श्रीफळ यांचा खर्च वाचवून एक शब्दकोश विकत घेतलेला बरा.